धुतलेला पिस्टन

टॅमरॅक गॅप, मोंटाना
९ फेब्रुवारी

टोरा,

पेटीत पिस्टन आहे. वरपासून खालपर्यंत भोक पडलंय. ते बघायला पदवी लागत नाही, पण स्नोमोबाईल क्लबला गावाबाहेरच्या माणसाची सही हवी आहे. तू माझी पुतणी आहेस हे त्यांना चालतंय. माझ्याबद्दल त्यांचं मत चांगलं आहे आणि तुझ्याबद्दल त्यांना काहीच माहीत नाही.

झालं ते असं. निल्सच्या आठवणीच्या दिवशी आम्ही सगळे नेहमीसारखे खिंडीत गेलो. तू येत नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. बर्क डॅनेलसनने उत्तरेचा उतार चढायला घेतला. माझा पोरगा निल्स जिथे बर्फाखाली गेला तोच. बर्कच्या गाडीला या हिवाळ्यात जास्त ताकदीसाठी टर्बो बसवलाय आणि बसवलाय टेओ मार्केझने. हा कोलोराडोचा. तीन हिवाळे झाले इथे येऊन, बोलतो मात्र असं की डोंगर यानेच रचले. पाऊण चढावर इंजिन मेलं. चढावर इंजिन मेलं की स्नोमोबाईल वळवता येत नाही, हे तुमच्या डलुथच्या उबदार खोलीत शिकवतात की नाही मला ठाऊक नाही. गाडी मागे घसरली आणि बर्कच्या अंगावरून गेली. कंबरेचं हाड मोडलं. तो बिलिंग्जला हॉस्पिटलात आहे, त्याची बायको जोलीन त्याच्यापाशी आहे.

२२ मार्चला क्लबची बैठक आहे. टेओला काढायचं ठरतंय. क्लबने काढलं की त्याच्या शेडमध्ये कोणी गाडी नेणार नाही, आणि या गावात गाड्यांखेरीज दुसरा धंदा नाही. म्हणजे तो जाईल. बारमध्ये क्लबचा रस्टी म्हणाला, "हॉल्व्हर, तुझ्या पोरीकडून दोन ओळी आण, बाकी आम्ही बघतो." तेव्हा दोन ओळी लिही. मिश्रण विरळ झालं, पेट्रोल कमी पडलं, पिस्टन जळला. पोरांनी टर्बो बसवले की हेच होतं.

तुझा काका,
हॉल्व्हर

⁂

डलुथ, मिनेसोटा
१५ फेब्रुवारी

काका,

पेटी मिळाली. तुम्ही पिस्टन धुऊन पाठवलात.

चाळीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या माणसाने हे का करावं, याचा मी दोन दिवस विचार केला आणि मग सोडून दिला. पिस्टनवरची काजळी म्हणजे त्याचा जबाब. ती तुम्ही रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासलीत आणि वर कापडाने चकाकी आणलीत. असा पिस्टन बक्षीस म्हणून फडताळात ठेवता येतो, तपासता येत नाही.

तरी काही गोष्टी घासून जात नाहीत. मिश्रण विरळ होऊन इंजिन तापलं असतं तर पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे असते आणि भोकाच्या कडा वितळून मेणासारख्या ओघळल्या असत्या. इथे माथ्याच्या कडेला बारीक खड्डे आहेत, कोणी वाळूचा मारा केल्यासारखे. वरच्या रिंगची खाच फुटली आहे. भोक शेवटी पडलं. त्याआधी बराच वेळ मार बसत होता. स्पार्कने लावलेली आग कडेपर्यंत पोचायच्या आत कडेचं मिश्रण आपोआप फुटत होतं. त्याची टकटक येते, तुम्ही याला नॉकिंग म्हणता, बरोबर म्हणता. तेव्हा तुमच्या दोन ओळी मी लिहिणार नाही, कारण त्या चुकीच्या आहेत.

मला दुसरा पिस्टन हवा, सिलिंडरवरचं हेड हवं, दोन्ही स्पार्क प्लग हवेत, गाडीच्या कॉम्प्युटरमधली त्या दिवसाची नोंद हवी आणि टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत हवं. कशालाही पाणी, रॉकेल, ब्रश किंवा तुमचा हात लावू नका.

रस्टीला सांगा, मी कोणाची पोर म्हणून सही करत नाही.

फोन करू नका. फोनवर तुम्ही ऐकत नाही, माझं बोलणं संपायची वाट बघता.

टोरा

⁂

टॅमरॅक गॅप
२० फेब्रुवारी

टोरा,

घे तुझं सामान. पिस्टन, हेड, प्लग, सगळं जसंच्या तसं, माखलेलं. पोस्टातली बाई म्हणाली, "हॉल्व्हर, यात मेलेलं जनावर तर नाही ना?" मी म्हटलं, आहे, पण वास माझ्या पुतणीला आवडतो.

पेट्रोल नाही. टाकी मी त्याच संध्याकाळी रिकामी केली. फुटलेली गाडी, भरलेली टाकी, माझ्या गॅरेजात शेगडी पेटलेली. आग लागली असती तर तूच लिहिलं असतंस की काकाला अक्कल नाही.

कॉम्प्युटरमधली नोंद टेओनेच एका चकतीवर काढून दिली. ती चकती द्यायला परवा गॅरेजात आला होता. टोपी काढली नाही.

मी म्हटलं, "टर्बोचा दाब किती ठेवला होतास? बर्कला चंद्रावर पाठवायचं होतं का?"

"त्यात लिहिलंय," तो म्हणाला. "वाचता येतं ना, हॉल्व्हर?"

"मी वाचत नाही, मी ऐकतो. इंजिन ऐकून कळतं."

"मग त्या दिवशी ऐकलं नाहीस का? खालपर्यंत टकटक येत होती. मी हात हलवत होतो, तुम्ही सगळे टोप्या काढून उभे."

मग तोच मला विचारतो, "टाकीत पेट्रोल कुठलं होतं?"

"तूच विकतोस की पेट्रोल या गावात," मी म्हटलं. "तुझ्याच पिंपातलं."

"माझ्याकडून बर्कने अर्धी टाकी नेली. उरलेली अर्धी कोणी भरली?"

बघ, कसा आहे. स्वतःचं काम फसलं की दुसऱ्याच्या टाकीत डोकावायचं. दाब जास्त, इंजेक्टर स्वस्तातले. एवढं लिहिलंस तरी पुरे.

बर्कचं ऑपरेशन झालं. आता दोन पट्ट्या आणि स्क्रू घेऊन फिरेल. जोलीन म्हणते, तो झोपेत गाडी वळवतो.

हॉल्व्हर

⁂

डलुथ
२७ फेब्रुवारी

काका,

एकेक करून लिहिते. मधलं गाळून शेवट वाचू नका.

दुसऱ्या पिस्टनला भोक नाही, पण माथ्याच्या कडेला तसेच खड्डे आहेत. हेडवरही आहेत, दोन्ही बाजूंना सारखे. स्वस्तातला इंजेक्टर बिघडला असता तर एकच सिलिंडर असा झाला असता. दोन्ही सारखे मार खातात तेव्हा कारण दोघांत सामाईक असतं.

दाब जास्त नव्हता. टेओने जी मर्यादा घातली होती, चढावर सगळा वेळ दाब तिच्या खालीच आहे. मी त्याच्या जागी असते तर थोडा जास्तच ठेवला असता. इंजिनला पेट्रोलही पुरेसं पोचत होतं. कॉम्प्युटरला टकटक ऐकू आली, मार कमी व्हावा म्हणून त्याने स्पार्क मागे घेतला, म्हणजे उशिरा पाडला, पुन्हा मागे घेतला, आणि त्याला जेवढं मागे जाता येतं तेवढं जाऊन थांबला. त्या डोंगरावर जमलेल्या मंडळींत टेओ आणि ते यंत्र, एवढे दोघेच लक्ष देत होते. टेओचं काम नीटनेटकं आहे. तुमच्या गॅरेजातून बाहेर पडलेल्या कुठल्याही कामापेक्षा, आणि हे मी मोजून म्हणते.

उरतं पेट्रोल. तुम्ही ओतून टाकलंत, पण प्लग धुवायला विसरलात, किंवा मी बजावलं म्हणून धुतले नाहीत. प्लगच्या चिनी मातीवर पिठासारखा राखाडी थर आहे. आमच्या प्रयोगशाळेत तपासला. शिसं आहे. प्लग जानेवारीत बदलले होते, म्हणजे शिसं या एकदोन फेऱ्यांतलं आहे. टेओकडून मी त्याच्या पिंपातली बाटली मागवली. त्यात शिसं नाही आणि पेट्रोलचा दर्जा, ऑक्टेन, तो सांगतो तेवढाच आहे.

शिसं घातलेलं शर्यतीचं पेट्रोल तुमच्या गावात कोणी विकत नाही. ते एकाच ठिकाणी आहे. तुमच्या गॅरेजच्या दक्षिणेकडच्या खिडकीत, लाल प्लास्टिकच्या कॅनमध्ये, नऊ वर्षं. निल्सने शेवटच्या शर्यतीसाठी आणलेलं. दर फेब्रुवारीत तुम्ही त्यातला एकेक कप प्रत्येकाच्या टाकीत ओतता आणि माणसं रडतात. पहिल्या वर्षी मी होते. पुन्हा आले नाही त्याची कारणं आहेत, ती मी कोणाला सांगितलेली नाहीत.

भरल्या टाकीत एक कप काही बिघडवत नाही, मी हिशेब केला. अर्धी टाकी बिघडवते. प्लास्टिकचा कॅन उन्हात फुगतो, थंडीत आकसतो आणि दरवेळी पेट्रोलमधलं हलकं ते बाहेर सोडतो. शिसं उजेडाने कुजतं. खाली उरतं ते वार्निश. ते घालून टर्बोचं इंजिन पूर्ण ताकदीने चढावर घालणं म्हणजे सिलिंडरमध्ये हातोडा सोडणं. शर्यतीचं म्हणजे चांगलं, जुनं म्हणजे मुरलेलं, अशी समजूत लोणच्यापुरती ठीक असते.

कॅन आता किती भरलेला आहे, ते कळवा. आणि पिस्टन का धुतलात, तेही.

टोरा

⁂

टॅमरॅक गॅप
९ मार्च

टोरा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहिलं होतं. ते शेगडीत घातलं. त्यात तुझ्या आईवडिलांबद्दलही होतं.

कॅन रिकामा आहे.

त्या सकाळी गॅरेजासमोरच्या पार्किंगमध्ये बर्क म्हणाला, "यंदा वर पोचतोच, हॉल्व्हर. निल्सचा अर्धा चढ राहिला होता." त्याची टाकी अर्धी होती. मी गॅरेजात गेलो, कॅन उचलला, आणि एक कप भरायला झाकण काढलं. मी आता बहात्तरचा आहे. माझ्यानंतर तो कॅन कोण सांभाळणार, रस्टी? म्हटलं, हे पेट्रोल तरी वर पोचू दे. सगळा कॅन ओतला. बर्कने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेवढंच.

मला वाटलं होतं, पोराने सगळ्यात भारी पेट्रोल आणलं होतं, आता ते अजून भारी झालं असेल. तू हस. मोठ्याने हस, इथपर्यंत ऐकू येईल.

इंजिन उघडलं तेव्हा हेड काढताच तो गोडसर वास आला. निल्स शर्यतीहून घरी यायचा तेव्हा त्याच्या कोटाला यायचा तो. मी पिस्टन घेतला आणि धुतला. वास जाईपर्यंत धुतला. त्या वेळी मला काय कळलं आणि काय नाही, ते मला विचारू नकोस, मलाही माहीत नाही. सकाळी मात्र कळलं होतं. सकाळी मी क्लबात जाऊन टेओचं नाव घेतलं.

आता ऐक. तू खोटं लिहू नकोस, मी तसं म्हणत नाही. "खराब पेट्रोल" एवढंच लिही. ते खरंच आहे. शिसं हा शब्द तेवढा गाळ. तो शब्द वाचला की खोलीतल्या प्रत्येकाला कळेल. मला या गावात मरायचं आहे, टोरा, आणि निल्सचं नाव घेताना लोकांनी टोपी काढावी, बर्कची कंबर आठवू नये. एक शब्द. निल्ससाठी.

हॉल्व्हर

⁂

डलुथ
१४ मार्च

काका,

मी हसले नाही. कौतुकही केलं नाही.

"खराब पेट्रोल" म्हणजे काय होईल ते तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्ही तो शब्द निवडलात. गावात पेट्रोल विकणारा एकच आहे. टर्बोने नाही तर पिंपाने, टेओ जाईलच. तुम्ही मला खरं वाक्य लिहून खोटं बोलायला सांगता आहात. इतकी सफाई तुमच्या गॅरेजकामात असती तर बरं झालं असतं.

माणसाला शोक करायचा असेल तर करावा. तो दुसऱ्याच्या सिलिंडरमध्ये ओतू नये आणि तिसऱ्याच्या माथी मारू नये.

आणि मृतांच्या नावाने माझ्याकडून शब्द मागू नका. प्लग कसा वाचायचा हे मला निल्सने शिकवलं. तुमच्याच गॅरेजात, तुम्ही जेवायला गेलात की. तुम्ही कान लावून जे ओळखायचात त्याला तो हसायचा. असा प्लग मी त्याच्यासमोर धरून "खराब पेट्रोल" म्हटलं असतं, तर त्याने मला बाहेर काढलं असतं.

अहवाल बंद लिफाफ्यात सोबत आहे. त्यात शिसं आहे, जुनं शर्यतीचं पेट्रोल आहे, टर्बोचं काम निर्दोष आहे. कोणी ओतलं ते त्यात नाही, कारण ते पिस्टन सांगत नाही. ते तुम्ही सांगा, किंवा सांगू नका. मग लिफाफा उघडेल आणि नऊ वर्षं तुमच्याकडून कप भरून घेतलेले सगळे जण एकाच वेळी तुमच्याकडे वळतील. मी प्रत ठेवली आहे. हा लिफाफा शेगडीत गेला तर दुसरा थेट टेओच्या पत्त्यावर जाईल.

टोरा

⁂

टॅमरॅक गॅप
२४ मार्च

टोरा,

तुझा लिफाफा परत पाठवतो आहे. उघडायची वेळ आली नाही.

बैठक अग्निशमन केंद्रात होती. बर्कला जोलीनने चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. टेओ मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. रस्टी म्हणाला, "हॉल्व्हरच्या पुतणीने कागद पाठवलाय, तो वाचू." मी उठलो आणि म्हटलं, वाचायची गरज नाही, बर्कच्या टाकीत निल्सचा सगळा कॅन मी ओतला, ते पेट्रोल मेलेलं होतं, त्याने इंजिन फुटलं. टेओचा दोष नाही. मला ते कळलं होतं आणि मी त्याचं नाव घेतलं.

मी वाट बघत होतो की कोणीतरी ओरडेल. कोणी नाही. सगळे बुटांकडे बघत होते. मग रस्टी हळूच म्हणाला, "खाली बस, हॉल्व्हर. झालं ते झालं."

जोलीनने विचारलं, "तुला नवल वाटलं नाही, रस्टी?"

"वास आला होता," तो म्हणाला. "खिंडीत. एका कपाचा एवढा येत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"निल्सचा बाप आहे तो, जोलीन. काय बोलणार?"

जोलीन एकेकाकडे बघत गेली, आणि एकेकाने मान खाली घातली. सगळ्यांना वास आला होता, टोरा. सगळ्या खोलीला. शेवटी तिने बर्ककडे बघितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, चालेल. नंतर वाटलं, म्हातारा सांगेल तेव्हा सांगेल." त्यावर ती त्याला जे म्हणाली ते मी पत्रात लिहीत नाही. त्याची खुर्ची तिथेच सोडून ती गाडीत जाऊन बसली.

टेओने हातमोजे घातले आणि तो बाहेर गेला. कोणी उठेना, म्हणून मी गेलो. तो ट्रकमध्ये हत्यारं भरत होता.

मी म्हटलं, "तू जाऊ नकोस."

"का? पुढच्या वेळी पण दोष द्यायला कोणीतरी लागेल म्हणून?"

मी म्हटलं, "बर्कचं इंजिन माझ्या बाकावर उघडं पडलंय. मी ते परत बांधलं तर ते पुन्हा मरेल."

"तुझं काम मी पाहिलंय," तो म्हणाला. "मरेलच."

सोमवारी सकाळी आला. माझा बाक पुसला, माझी अर्धी हत्यारं उचलून बाहेर बर्फात ठेवली, म्हणाला ही संग्रहालयाला दे. उघडं इंजिन टाकून आपण जात नाही, म्हणतो. ते बांधून झाल्यावर काय, ते सांगत नाही. पिस्टन, रिंगा आणि हेडचं गॅस्केट तू पाठव, मी मागवलेल्यावर त्याचा विश्वास नाही.

कॅन रिकामा आहे. पुढच्या फेब्रुवारीत काय करायचं, कोणी विषय काढत नाही.

हॉल्व्हर

⁂

डलुथ
३० मार्च

काका,

सामान आजच निघालं. पेटीवर टेओचं नाव घातलं आहे. उघडू नका.

तुम्ही उठून बोललात याची नोंद घेतली. तुम्ही बाहेर गेलात याचीही. बाकीच्यांबद्दल माझं मत तुमच्या पत्राआधी होतं त्याहून खाली जाईल असं वाटलं नव्हतं, पण जागा होती. एका म्हाताऱ्याला अवघडायला नको म्हणून धडधाकट माणसांची खोलीभर गर्दी एका कारागिराला गावातून घालवायला निघाली, आणि याला ते तुमचा मान राखणं म्हणतात. निल्ससाठी टोप्या काढून उभे असताना त्यांना टकटक ऐकू येत होती. टोपी काढल्यावर कान मोकळे होतात, असा माझा समज होता.

बर्कला सांगा, पेट्रोलचा वास आल्यावर गाडी चढावर घालणं ही श्रद्धा नव्हे. जोलीनला माझा नमस्कार सांगा. त्या खोलीत मला भेटावंसं वाटलं अशा दोनच व्यक्ती होत्या, आणि दोघंही बाहेर निघून गेली.

पुढच्या फेब्रुवारीचं मी सांगते. पेट्रोल टेओच्या पिंपातलं घ्या, त्याच आठवड्यात आलेलं. कप त्याच्या हातात द्या. प्रत्येकाने आपल्या टाकीचं झाकण उघडून त्याच्यासमोर उभं राहावं, रस्टीनेही, बर्कनेही, तुम्हीही, आणि त्याने ओतायचं की नाही ते त्याने ठरवावं. तो तोवर निघून गेला असेल, तर खिंडीत जाऊ नका. घरी बसा.

तो असेल तर मला कळवा. मी येईन. माझी गाडी रांगेत शेवटची लावीन.

टोरा